काट्याच्या वहीमागे : ४३२ कोटींच्या नोंदी

१८ नोव्हेंबर

वही पुढून कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्याची, मागून माझी. पुढच्या बाजूला गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ. मागच्या बाजूला हे. मालकांना ठाऊक आहे. ते एवढंच म्हणतात की पानं समोरासमोर आली की नवी वही तुझ्या पैशाने.

भाचीचा काल जळगावहून फोन. बी.एस्सी.ला प्रकल्प आहे : एक मोठी पूर्ण संख्या घ्यायची आणि तिची सगळी कुंडली मांडायची. मूळ अवयव कोणते, विभाजक किती, कोणत्या कोणत्या जातीत बसते. वर्गातल्या बहुतेकांनी आपापले मोबाइल नंबर घेतलेत. "मामा, मला आपल्याकडचं काहीतरी सांगा ना."

मी म्हटलं, कल्प घे. ४,३२,००,००,००० वर्षं. ब्रह्मदेवाचा एक दिवस. आणि आपल्याकडचं म्हणशील तर चाळीसगावपासून पाटण, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणारा मठ होता ते, किती लांब आहे? भास्कराचार्यांचा सगळा ग्रहगणिताचा संसार याच आकड्यावर उभा आहे.

ती जरा नाखूश वाटली. "मामा, इतकी शून्यं असलेल्या आकड्यात काय सापडणार?"

तसं माझ्या काट्यावरही शेवटी शून्यच असतं. आमचा काटा दहा किलोच्या पटीतच वजन दाखवतो. म्हणून काय सगळ्या गाड्या सारख्या असतात?

१९ नोव्हेंबर

दुपारी दोन तास गाडी नाही. काट्याच्या पावतीमागे अवयव पाडले. याला काही लागतच नाही. ४३२ म्हणजे १६ × २७. पुढची सात शून्यं म्हणजे सात वेळा २ आणि सात वेळा ५. सगळं मिळून :

२ चा अकरावा घात × ३ चा तिसरा घात × ५ चा सातवा घात.

संपलं. ४३२ कोटींच्या पोटात २, ३ आणि ५ एवढे तीनच. अशा संख्यांना हॅमिंग संख्या म्हणतात, नियमित संख्याही म्हणतात. बाबिलोनच्या लोकांना त्या फार प्रिय, कारण साठाच्या पद्धतीत अशा संख्येने भागलं की भागाकार कुठेतरी संपतो, लांबत जात नाही. आपली घटी-पळं साठाचीच. हे लक्षात ठेवायचं, पुढे लागेल असं वाटतं.

विभाजक : घातांकात एकेक मिळवून गुणायचं. १२ × ४ × ८ = ३८४.

एक ड्रायव्हर पावती घ्यायला आला, उलटी बाजू बघून म्हणाला, "हाई कोना गाडीनं वजन शे भाऊ?" मी म्हटलं, ब्रह्मदेवनं. तर म्हणे, "मंग त्यानी पावती कोन फाडस?"

२३ नोव्हेंबर

भाचीने संगणकावर प्रोग्रॅम लिहिला. रात्री फोन : "मामा, तुमचं चुकलं. विभाजक ३८४ नाही, ४८ आहेत."

मी म्हटलं, असं कसं होईल. ती म्हणाली, मशीन सांगतंय. अवयवही पाठवले : २ चा अकरावा घात × १७ × ७१९.

रात्रभर तो १७ डोक्यात. ४३२ च्या पुढे शून्यं लावून १७ येणार कुठून? शून्यं २ आणि ५ आणतात, तिसरं कोणी आणत नाहीत. आणि ३ कुठे गेला? अंकांची बेरीज ९ आहे हे चौथीच्या पोरालाही दिसतं. ज्या संख्येला ९ ने भाग जातो तिच्यातून ३ गायब, आणि कुठला तरी ७१९ घरात येऊन बसलेला.

२४ नोव्हेंबर

सापडलं. सकाळी तिचे अवयव उलटे गुणून पाहिले. २०४८ × १७ = ३४,८१६. गुणिले ७१९ = २,५०,३२,७०४. म्हणजे मशीनने माझी संख्या मोजलीच नाही, ही दुसरीच मोजली! अडीच कोटी कुठे, चारशे बत्तीस कोटी कुठे.

मग ४,३२,००,००,००० मधून २,५०,३२,७०४ वजा केले. उरले ४,२९,४९,६७,२९६. ही ओळखीची आहे : २ चा बत्तिसावा घात.

भाचीला फोन लावला. तिने संख्या 'इंट' नावाच्या डब्यात ठेवली होती. त्या डब्याला बत्तीस घरं, प्रत्येकात ० किंवा १. जुन्या ट्रकचं किलोमीटरचं मीटर जसं ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतं, तसा हा डबा ४२९ कोटींच्या पुढे भरून वाहिला आणि वर उरलं तेवढंच आत राहिलं. कल्प त्या डब्यापेक्षा जेमतेम अडीच कोटींनी मोठा. ४२९ कोटींपर्यंत असता तर चिन्ह नसलेल्या, म्हणजे उणे संख्या न ठेवणाऱ्या डब्यात तरी मावला असता.

गंमत अशी की २ चा अकरावा घात मात्र बरोबर आला होता. का, तर जे वजा झालं तो २ चाच बत्तिसावा घात, त्यातही २ अकरा वेळा आहेच. त्यामुळे उत्तर अर्धं खरं वाटलं. काट्यावरही असंच होतं. सगळं चूक असेल तर कोणीही पकडतो. रिकामं वजन बरोबर आणि भरलेलं चूक असेल तर पावती सरळ खपून जाते.

ती म्हणाली, प्रोग्रॅम चालवताना काहीतरी सूचना आली होती खरी. "मी वाचली नाही." शिवाय ४३२ कोटींपर्यंत एकेक करून भागायला वेळ लागायला हवा होता, आणि उत्तर चुटकीसरशी आलं. ते बघूनच शंका यायला हवी होती, हे तिचं तीच म्हणाली. मी काही बोललो नाही. मीही ३८४ वरून रात्रभर डळमळलो होतोच.

मोठा डबा घेतल्यावर ३८४ आले. ठरलं : प्रकल्पात ही चूक लपवायची नाही, पहिल्या पानावर घालायची.

१ डिसेंबर

अमावस्या, जिनिंग बंद. भाची शनिवारीच आली होती, तिला घेऊन मोटारसायकलवर पाटणला. गौताळ्याचे डोंगर अजून हिरवे आहेत. देवीचं दर्शन घेतलं, महादेवाच्या हेमाडपंती देवळात बसलो, चिवडा खाल्ला.

पाटणच्या शिलालेखाबद्दल तिला ऐकीव माहिती होती, तपशील नव्हता. लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणग्या दिल्या. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. संस्कृत भागात वंशावळ आणि स्तुती. पैशापाण्याचं आलं की मराठी.

आणि त्या मराठीत काय आहे? पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावरचं राजाचं येणं मठाला. जितके तेलघाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीपळी तेल. आणि जे काही मापायचं ते मठाच्या मापाने मापायचं. मापाईचा अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाऱ्याला.

मी हे दोनदा सांगितलं तिला. आठशे वर्षांपूर्वी या दरीत गणिताची शाळा चालायची ती मापाऱ्याच्या निम्म्या मजुरीवर. आज काट्यावर बसणारा मापारीच की. भाची हसली : "मग मामा, तुमचा अर्धा पगार माझ्या प्रकल्पाला द्या."

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ त्यांनी ३६व्या वर्षी पुरा केला. स्वतःच्या गावाचं नाव त्यांनी विज्जडविड सांगितलंय, सह्याद्रीच्या आश्रयाचं. ते गाव नक्की कोणतं यावर लोक भांडतात. भांडोत. मठ पाटणला होता हे दगडावर आहे.

४ डिसेंबर

जाती लावायचं काम. भाचीने यादी केली, मी एकेक तपासली.

हर्षद : अंकांची बेरीज ९, ९ ने भाग जातो, म्हणून हर्षद. हे नाव देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी दिलेलं, म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातलं. आनंद देणारी ती हर्षद.

विपुल : सगळ्या विभाजकांची बेरीज ४०९५ × ४० × ९७,६५६ = १५,९९,६०,५२,८००. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर ११,६७,६०,५२,८००. संख्येच्या पावणेतीन पट म्हणा. उरलेली बेरीज संख्येएवढीच असती तर परिपूर्ण; इथे जास्त, म्हणून विपुल, आणि चांगलीच विपुल.

दोन वर्गांची बेरीज होते का? नाही. ३ चा घातांक विषम आहे, तिथेच अडतं.

आता मला आवडलेली. प्रत्येक मूळ अवयव किमान दोनदा येतो, तरी संख्या कशाचाच पूर्ण घात नाही. अशा संख्यांना अकिलिस म्हणतात. ग्रीकांचा तो वीर : अंगात बळ सगळं, टाचेत उणं. कल्पाचे घातांक ११, ३, ७. बळ भरपूर, पण या तिघांना सामाईक भाजक नाही, म्हणून वर्ग नाही, घन नाही, काहीच नाही.

भाचीने विचारलं, उणं किती? तर बघा. तिन्ही घातांक विषम आहेत, म्हणून २, ३, ५ एकेकदा आणखी द्या, म्हणजे ३० ने गुणा : १,२९,६०,००,००,०००. हा झाला ३,६०,००० चा वर्ग. घन पाहिजे? एक २ आणि दोन ५ द्या, म्हणजे ५० ने गुणा. झाला ६,००० चा घन! हे मी आधी कुठेही पाहिलं नव्हतं. पावतीवर लिहिलं आणि ती पावती गिऱ्हाइकाला दिली नाही, ठेवून घेतली.

५ डिसेंबर

काल रात्री भाचीने एक सिद्ध केलं. ४३२ च्या पुढे किती शून्यं लावली तर अकिलिस? एक लावलं तर नाही, कारण ५ एकदाच येतो. दोन किंवा जास्त कितीही लावा, नेहमीच अकिलिस. कारण k शून्यं लावली की घातांक k+४, ३, k. मधला ३ असल्यामुळे सामाईक भाजक झाला तर ३ च होणार. मग ३ ने k लाही भाग जायला हवा आणि k+४ लाही, म्हणजे ४ लाही. जात नाही.

म्हणजे कलियुगाची ४,३२,००० वर्षंही अकिलिस, महायुगाची ४३,२०,००० ही अकिलिस, कल्पही. टाच सगळ्यांची दुखरी.

तीन ओळींची सिद्धता आहे. माझ्याने झाली नसती.

११ डिसेंबर

फरदडीचा कापूस यायला लागला, गर्दी. आज फक्त एक गोष्ट.

माझी समजूत होती की कल्पाची संख्या मुद्दाम खूप विभाजक असलेली निवडली असणार. ३८४ म्हणजे मला पुष्कळ वाटले होते. भाचीने ७३,५१,३४,४०० ही संख्या दाखवली. कल्पाच्या सहाव्या हिश्शाएवढी, पण विभाजक १३४४! मी अवयव पाडून पाहिले तर ४३,२०० × ७ × ११ × १३ × १७. म्हणजे पुन्हा तेच ४३२, फक्त शून्यं वाढवत बसण्यापेक्षा ७, ११, १३, १७ घरात घेतले. कल्पाचा आकडा ठरवणाऱ्यांना नुसती विभाजकांची हौस असती तर सात वेळा ५ कशाला जमवला असता? त्यांना शून्यं हवी होती, हिशेब दशमानाने सोपा जावा म्हणून. माझी समजूत वहीत खोडली नाही, वर 'चूक' लिहिलं.

२२ डिसेंबर

आता खरा भाग. कल्पात वर्षं किती हे ठरवून टाकता येतं, दिवस किती हे ठरवून टाकता येत नाही. तिथे सूर्य बघावा लागतो.

सिद्धांतशिरोमणीत कल्पातले सावन दिवस (सूर्योदय ते सूर्योदय एक) दिलेत : १५,७७,९१,६४,५०,०००. मूळ आकडा ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतला. ब्रह्मगुप्त भास्कराचार्यांच्या पाचशे वर्षं आधीचा. हजाराने भागून एका महायुगाचे दिवस काढले तर १,५७,७९,१६,४५०. सूर्यसिद्धांतात १,५७,७९,१७,८२८ आहेत. फरक ४३ लाख २० हजार वर्षांत १३७८ दिवस. पावणेचार वर्षांचा. आमच्या काट्याला एवढी अचूकता आली तर वजनमापवाले सत्कार करतील.

भागाकार : ३६५.२५८४३७५ दिवसांचं वर्ष. म्हणजे ३६५ दिवस १५ घटी ३० पळं २२॥ विपळं.

ते अर्धं विपळ मला सुखाने बसू देईना. पूर्ण का नाही येत? रात्री घरी जेवताना सुचलं. अपवर्तन करून पाहा : दोन्ही संख्यांतून सामाईक सगळं काढून टाकलं की उरतं ११,६८,८२७ भागिले ३,२००. खाली ३,२००, म्हणजे सात वेळा २ आणि दोन वेळा ५. घटी, पळं, विपळं म्हणजे तीनदा साठ. तीन साठांत २ सहा वेळाच असतो. २ एकदा कमी पडला! म्हणून विपळाचे दोन तुकडे करावे लागतात. बायकोने विचारलं, ताटात काय सापडलं एवढं. काही नाही म्हटलं.

आणि याच अपूर्णांकातून दुसरी गोष्ट निघते. कल्प वगैरे राहू द्या, या मानाने दर ३,२०० वर्षांनी दिवस पूर्णांकात येतात : ११,६८,८२७. एवढं लांबलचक कल्प लिहिलं, पण त्यातलं चक्र ३,२०० वर्षांचं. बाकी सगळी पुनरावृत्ती.

२ जानेवारी

दिवसांच्या संख्येचे अवयव. भाचीने विचारलं नव्हतं, माझं मीच.

शेवटची शून्यं बाजूला केली. १५,७७,९१,६४५. शेवटी ५, म्हणून ५ ने. मग ९ ने, पुन्हा ९ ने. उरले ३,८९,६०९. एक सोडून एक अंकांच्या बेरजा २३ आणि १२, फरक ११. म्हणजे ११ ने जातो. उरले ३५,४१९.

इथे गाडी रुतली. ७ ने नाही, १३ ने नाही, १७ ने नाही (आता १७ दिसला की हात आखडतो).

मी मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं : वर्षांची संख्या माणसाने निवडली म्हणून तिला विभाजक भरपूर, दिवसांची आकाशाने दिली म्हणून तिला कमी. भाचीला ऐकवणार होतो. आधी मोजून पाहिलं. ३५,४१९ मूळ निघाला तर दिवसांच्या संख्येचे विभाजक ५ × ६ × ५ × २ × २ = ६००. कल्पापेक्षा जास्त! वाक्य गेलं. जास्त असणारच, संख्या तीनशे पासष्ट पट मोठी आहे आणि तिच्याही शेवटी चार शून्यं लावून घेतलीत. आकाशाने शून्यं लावून थोडंच दिलं होतं.

तरी ३५,४१९ हा मला माणसाच्या सोयीचा वाटत नाही. कोणी सोयीसाठी असा आकडा घरात आणणार नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. केबिनमध्ये तिळगुळाच्या वड्या, हमालांनाही दिल्या. काम अर्धा दिवस.

भाचीला फोनवर सांगितलं : आपलं रोजचं कॅलेंडर वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं. ३,२०० वर्षांचे होतात ११,६८,७७६. भास्कराचार्यांच्या मानाने ११,६८,८२७. फरक बरोबर ५१ दिवस, खाली अपूर्णांक काही नाही. त्यांचं वर्ष ताऱ्यांवरून मोजलेलं, कॅलेंडरचं ऋतूंवरून. म्हणून संक्रांत तारखेने पुढे पुढे सरकत राहते, त्यांच्या मानाने साधारण त्रेसष्ट वर्षांत एक दिवस. ती म्हणाली, हे सरांना आवडेल. प्रकल्प पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे.

"३५,४१९ मूळ आहे का ते मी मशीनवर बघून सांगू?"

नको म्हटलं. तू बघ, पण मला सांगू नको.

१७ जानेवारी

वर्गमूळ १८८ च्या थोडं वर. म्हणजे १८१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, त्या ४२. गाड्यांच्या मधे जमेल तसं, पावत्यांच्या मागे.

२३ : १५४० पट केली की ३५,४२०. एकाने हुकलं. इथे वाटलं होतं की लागला.
५९ : बाकी १९.
९७ : बाकी १४.
१०७ : ३३१ पट म्हणजे ३५,४१७. दोनाने हुकलं.

मधेच एकाने भरल्या गाडीचा काटा झाल्यावर ताडपत्री आणि दोर उतरवून ठेवले आणि रिकामा काटा करायला आला. परत पाठवला. या भानगडीत ११३ दोनदा केला गेला. दोन्ही वेळा बाकी ५०, चला.

१८ जानेवारी

१३७ बाकी ७३. १४९ बाकी १०६. १५१ बाकी ८५. १६७ बाकी १५. १७३ बाकी १२७.

१७९ ला १९७ पट, ३५,२६३. बाकी १५६.

बाहेर धरणगावकडची गाडी हॉर्न मारतेय. एक मिनिट म्हटलं.

१८१ ला १९५ पट, ३५,२९५. बाकी १२४. पुढची १९१, तिचा वर्ग ३६,४८१. ओलांडला.

३५,४१९ मूळ. भाचीला मेसेज टाकला. तिचं उत्तर लगेच आलं : "मला चौदा तारखेपासून माहीत होतं."

गाडी घेतली. भरलेलं वजन १४,३२० किलो.